दुसरी तपासणी

दादा, काल पुन्हा सरकारी दवाखान्यात गेले होते. हल्ली थकवा फार येतो म्हणून मागे रक्त दिलं होतं, त्यात लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरीण बाई माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी परत बोलावलं, काविळीच्या तपासण्या केल्या, सोनोग्राफीला अंबाजोगाईला पाठवलं. मी सगळं मुकाट्याने केलं. भीती वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही.

तुमचा तो दवाखान्यातला दिवस मात्र आठवला. गावच्या दवाखान्यात बाकावर आपण दोघं बापलेक बसलोय. डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि सगळ्यांदेखत विचारतात, "गुरुजी, घेता का थोडी?" झालं! ज्या माणसाने वस्तीतला दारूचा गुत्ता उठवला, विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला ज्याचा आवाज हमखास चढायचा, त्याला हा प्रश्न. बाकावरची माणसं खाली मान घालून हसली. डॉक्टर पुढे सांगत होते, दारूच असते असं नाही, दुसरी कारणंही असतात, महिन्याने या, आणखी तपासण्या करू. तुम्ही ते ऐकलंच नाहीत. चपला घालून बाहेर पडलात.

घरी आई भाकरी थापत होती. "परत कवा बोलिवलंय?" तिने विचारलं.

"काहून जाऊ? लिवरच्या तपासणीला गेलो की गाव म्हणंल, गुरुजी चोरून पितो. म्या कदी वास बी घेतला न्हाई."

"लोकाला काय कळतंय? तुमी जावा."

"लोकाला तेवडंच कळतंय," तुम्ही म्हणालात आणि ताटावर बसलात. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. काही वर्षांनी तुमच्या पोटात पाणी झालं, तेव्हा लोक नेमकं तेच म्हणाले. तुमच्या मातीला आलेल्यांतही कुणीतरी हळूच म्हणालं, मी ऐकलं.

काल बाईंनी सांगितलं, मला हिपॅटायटिस बी आहे. त्याचा विषाणू वर्षानुवर्षं रक्तात गप्प बसून राहतो म्हणे, दारूचा काही संबंध नाही. गोळी सुरू केलीय, दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. "माझ्या वडिलांना हेच होतं का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "असू शकतं. घरातल्या घरात पसरतो. पण आता कसं सांगणार?" तेव्हा तुमचा राग आला, दादा. इतक्या दिवसांत तेवढंच काय ते वाटलं. तुम्ही परत गेला असतात तर कदाचित आपल्या सगळ्यांचंच रक्त तेव्हा तपासलं गेलं असतं. मग तोही राग गेला आणि मी औषधाच्या रांगेत उभी राहिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. निघताना बाईंनी बजावलं होतं, मुलाची तपासणी आठवणीने करून घ्या, त्याला काही त्रास नसला तरी. बसमध्ये बसल्या बसल्या त्याला पुण्याला फोन लावला आणि रक्त तपासून घे म्हणाले. "कशासाठी गं आई?" त्याने विचारलं. शेजारी आपल्याच गल्लीतली बाई बसली होती, कान इकडेच.

"शुगरसाठी," मी म्हणाले.

त्याला खरं सांगायचा दुसरा फोन अजून केलेला नाही.