दगडफुलाची राष्ट्रीय गरज

४ ऑक्टोबर, थंडर बे, कॅनडा
आजपासून रोज लिहायचं. थोर शास्त्रज्ञांच्या रोजनिश्या पुढे संग्रहालयात जातात, म्हणून अक्षर नीट काढतोय.
डीनची चिठ्ठी. निवृत्त प्राध्यापकांनी ३१ मार्चपर्यंत ओटावाहून संशोधनाचं सरकारी अनुदान आणावं, नाहीतर विद्यापीठातली खोली सोडावी. हसू आलं. गेली एकोणीस वर्षं मी सरोवराकाठच्या एकाच खडकावरचं दगडफूल मोजतोय. वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढतं. सरकार असं काम बंद पडू देईल?
माझी मदतनीस ओडेट. पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. मोजायला तीच जाते, कारण माझे गुडघे. तिला सांगितलं, तुझ्या नोकरीची काळजी माझ्यावर सोड. म्हणाली, सोडली होती डॉक्टर, मागच्या वेळीही. जरा फटकळच आहे.

९ ऑक्टोबर
अर्ज आजच लिहून टाकायचा. सगळ्या पेन्सिलींना टोक काढलं. दुपारी कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा आमचा खेळ.

२२ ऑक्टोबर
अर्ज सुरू. रकाना: ‘दर तिमाहीची अपेक्षित प्रगती.’ लिहिलं, एक अष्टमांश मिलिमीटर. व्हर्ना म्हणाली, थोडं कमी लिही, उगाच तोंडघशी पडशील. बायकोला विज्ञान कळत नाही.
पुढचा रकाना: ‘राष्ट्रीय प्राधान्य.’ यादीत बॅटऱ्या, कृत्रिम बुद्धिमत्ता, संरक्षण. दगडफूल छापायचं राहून गेलेलं दिसतं. ‘संरक्षण’वर खूण केली. दगडफूल खडकावर बसून असतं, म्हणजे पहाराच झाला.

२९ ऑक्टोबर
कर्लिंग क्लबात आमचे खासदार भेटले. विचारलं, या संशोधनातून नोकऱ्या किती निघतील? म्हटलं, दोन. ते म्हणाले, हजार? मी नुसता हसलो. वरून पाठिंबा पक्का.

१ नोव्हेंबर, सकाळी ११:५२
मुदत दुपारी बारापर्यंत. धावपळ. ओडेटने दोन कागदांवर सह्या घेतल्या. एक माझ्या अर्जाचा. दुसरा तिचं काहीतरी, विभागातल्या ज्येष्ठाची सही लागते म्हणे. म्हणाली, मीही लिहिलंय, सही करण्याआधी वाचाल का? म्हटलं, प्रत टेबलावर ठेव. गेल्या वर्षी डॉक्टरेट झाली, तेव्हापासून तिला लिहायची हौस आलीय. मुलांना प्रोत्साहन द्यावं. न वाचताच सही केली. (ती एक्केचाळीसची आहे.)
प्रत बरी जाड आहे. कॉफीचा मग ठेवायला सोयीची.

१५ जानेवारी
ओटावाचं पत्र. मला परीक्षक समितीवर बोलावलंय. दगडफूलवाले देशात मोजकेच, त्यामुळे अर्जदारच परीक्षक. नियमांची पुस्तिका एकशे दहा पानांची. ओडेटला वाचायला दिली.

११ फेब्रुवारी, ओटावा
१०:०५. माझ्या अर्जाची पाळी. समितीच्या अधिकारी, मिस टर्कॉट, म्हणाल्या की मी बाहेर थांबावं, तसा नियम आहे. १०:०९ ला आत बोलावलं. चार मिनिटं. घोळ घालण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्यांच्या माना कागदात. मत्सर असणार.
२:१०. मिस टर्कॉट पुन्हा म्हणाल्या, डॉक्टर, तुमच्या विद्यापीठाचा अर्ज आहे, बाहेर थांबा. तेव्हाच ओळखलं, माझा अर्ज पुन्हा काढलाय. सकाळी मन भरलं नसेल. चाळीस मिनिटं! दाराला कान लावला नाही, दार कानाजवळ होतं इतकंच. आत हशा, मग टाळ्या. कोणीतरी म्हणालं, इतकी नेटकी मांडणी कित्येक वर्षांत पाहिली नाही. मला भरून आलं. लगेच घरी फोन केला. व्हर्नाने विचारलं, तुझ्याबद्दलच बोलत होते का? फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी
ओडेटसाठी बटर टार्ट आणले. म्हटलं, तुझी नोकरी वाचली. तिने सगळं ऐकलं, मग विचारलं, दोनदा बाहेर काढलं? चाळीस मिनिटं? आणि खुर्चीतच बसली. आनंदाने असेल. मग म्हणाली, डॉक्टर, माझे कागद वाचलेत का? म्हटलं, आता कशाला? टार्ट खा.

२ मार्च
डीनकडे मोठी खोली मागितली. दारावर लावायला पितळी पाटी सांगितली. व्हर्ना म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. गुडघ्यांचं नाव काढू नकोस म्हटलं.

२७ मार्च
निकाल आला. माझा अर्ज नाकारला. शेरा एका शब्दाचा: ‘संरक्षण?’
मंजूर यादीत आमच्या विद्यापीठाचं नाव मात्र आहे. डॉ. ओडेट लाकास. पाच वर्षं. विषय दगडफूल. खडक तोच.
दोनदा वाचलं. मग टेबलावरचा मग उचलला. पहिल्या पानावर कॉफीची सोळा-सतरा कडी उमटलीत. त्याखालून वाचत गेलो. चांगलं लिहिलंय. माझ्यापेक्षा चांगलं. शेवटच्या पानावर ‘मनुष्यबळ’: एक अनुभवी मदतनीस, आठवड्यातून दोन दिवस, गुडघे दुखत असले तरी चालेल.

१ एप्रिल
नऊला बोलावलं होतं, साडेआठलाच पोचलो. खोली तीच. पितळी पाटी घरी व्हर्नाने पेरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलीय.
ओडेटने नेमणुकीचे कागद पुढे केले. म्हणाली, सही करा, नेहमीचंच आहे. मी चष्मा लावला. तिन्ही पानं वाचली, मग सही केली.
मी विचारलं, डॉक्टर, दोन दिवसांचं काम पाच वर्षं टिकेल ना?
म्हणाली, तुमच्या नोकरीची काळजी माझ्यावर सोडा.
सोडली.