गोळीचं पथ्य

८ फेब्रुवारी
गोळी सुरू! डॉ. मॉक्सी म्हणाले, पेशीतली मोडतोड दुरुस्त करणारं एक एन्झाइम असतं, ही गोळी त्यालाच गप्प बसवते. दुरुस्तीची दुसरी सोय आमच्या घराण्यात जन्मापासूनच बिघडलेली. म्हणजे कॅन्सरच्या गाठीला सावरायला कुणी उरत नाही नि ती मरते. खानदानी दोष पहिल्यांदाच कामाला आला! पथ्य एकच — ग्रेपफ्रूट बंद. त्याने गोळी अंगात नको तितकी साठते. परसातलं झाडच तोडून टाकलं. उगाच मोह नको.

१ मार्च
ओकाऱ्या. चार पायऱ्या चढले की धाप. शनिवार, आमच्याकडचा सूसचा वार, म्हणून थोरली बहीण इस्मे सूस घेऊन आली — कोंबडीचा तो आंबट-तिखट रस्सा. तेवढाच पोटात राहिला.
"गोळ्या खाऊन मरशील, वर्नी! हे खा. आईच्या हातचं समज."

१९ मार्च
रक्त घसरलं. बाटली चढवली. अजून उतरलं तर गोळी बंद म्हणे. मग पुढे काय, ते मी विचारलं नाही. भीती वाटते.

२० मार्च
इस्मे आता बुधवारीही सूस आणणार. अंगात ताकद यायला!

३ एप्रिल
रक्त आणखी खाली. डॉक्टर गोळी थांबवायलाच निघाले. मी रडकुंडीला आले. "पथ्य पाळते हो! सूसशिवाय काही खातसुद्धा नाही."
"आंबट काय घालता त्यात?"
"आंबट संत्र्याचा रस. लिंबू आमच्याकडे चालत नाही, आईची रीत."
डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ग्रेपफ्रूट काय नि आंबट संत्रं काय, गोळीच्या लेखी सारखंच! "सांगायचं माझ्याच ध्यानात आलं नाही," म्हणाले. "माझी आईही तेच घालते."
थोडे दिवस गोळी बंद, मग पुन्हा सुरू. सूस कायमचं बंद.

५ एप्रिल
इस्मे दारात, हातात पातेलं. सांगणारच होते. पण बाई पहाटे उठून राबलेली, मिरचीने बोटांची आग होतेय म्हणत होती. तिला काय सांगू — तुझ्या मायेनेच मला आडवं केलं? "मग खाते," म्हटलं. ती गेल्यावर पातेलं शेजारच्या स्टब्सकडे.

१४ जून
रक्त वर! गाठ लहान! इस्मे चर्चमध्ये सांगत सुटलीय — "औषधं कसली? माझ्या सूसने उठवलंय तिला!" मी मान डोलावते. स्टब्सला मात्र पोट सुटलंय.

३० ऑगस्ट
इस्मे रिकाम्या हाताने आली. तिच्या छातीत गाठ निघालीय, पसरलेली. दोष तोच, घरचा. डॉक्टरांनी गोळीही तीच लिहून दिलीय.
"वर्नी, तू तर यात मुरलेली," म्हणाली. "हिच्यावर काय खायचं नसतं गं?"