फोटोच्या कडेचा हात

१२ जानेवारी १९९७, रविवार
कबड्डी मंडळाचे हिलाल आप्पा येऊन गेले. हे गेल्यापासून तिसऱ्यांदा. आधी दोनदा नुसते बसून गेले, आज काम होतं. मंडळाच्या नव्या हॉलवर पत्रे चढले. आत एक भिंत मोकळी ठेवली आहे. मंडळाकडून खेळलेल्या मोठ्या खेळाडूंचे फोटो तिथे लागणार. मानाची भिंत म्हणतात. पहिला फोटो भास्करचा लावायचं चाललंय.

मी चहा ठेवायला उठले.

आप्पांनी नियम केलाय. ज्याचा फोटो, त्याच्यासोबत कबड्डी खेळलेल्या सहाही जणांचा होकार हवा. एकाचा नकार आला तरी फोटो नाही. चौघे हो म्हणालेत. गुलाब अडून बसलाय. फायनल पंधरा दिवसांवर असताना जो संघ सोडून बडोद्याच्या कंपनीत गेला, त्याचा फोटो कशाला, असं त्याचं म्हणणं. पण सहावा होकार यांचा, आणि यांच्या घरून हो आलं तर तोही हो म्हणेल.

"माणूस गेला, बाई, त्याचा होकार जात नाही. तो आता घरातून यायचा. काय म्हणाला असता, ते तुम्ही सांगा."

दोन फेब्रुवारीला बैठक. विचार करते म्हटलं. विचार करण्यासारखं त्यात काही नाही, हे आप्पांनाही माहीत असणार.

१४ जाने.
उत्तरायण, इथल्या गुजराती लोकांची पतंगांची संक्रांत. आपल्याकडे यंदा काही नाही. सुनीता शेजारच्या गच्चीवर गेली. "मम्मी, मी नुसती फिरकी पकडेन, उडवणार नाही." जा म्हटलं. अकरा वर्षांच्या पोरीने किती दिवस तोंड पाडून बसायचं.

दिवसभर वरून ओरडा. यांनी पतंगाला कधी हात लावला नाही. मांज्याने बोट चिरलं की पकड ढिली पडते म्हणायचे. भास्करलाही उडवू द्यायचे नाहीत. एका उत्तरायणाला त्याच्या बोटाला चिकटपट्टी दिसली, तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

माझा हात कढईने भाजला तेव्हा म्हणाले होते, पाण्यात धर.

१६ जाने.
यांच्या पेटीत भास्करचं कात्रण सापडलं. वर्तमानपत्रवाल्याने विचारलं होतं, तुमच्या पकडीचं रहस्य काय. भा.चं उत्तर : नजर पायावर ठेवायची.

एवढंच.

मी नऊ वर्षं मैदानाच्या कडेला बसून पाहिलं आहे. भा. उजव्या कोपऱ्यात, त्याच्या डाव्या अंगाला हे. त्याचा डावा हात यांच्या उजव्यात. चढाईवाल्याचे पाय वाचायचे ते हे. वेळ आली की हात दाबायचे. दाबला की भा. सुटायचा तो थेट घोट्यावर. लोक टाळ्या वाजवायचे ते घोट्यासाठी. दाबलेला हात कुणाला दिसायचा नाही. मला दिसायचा.

लग्नानंतर यांनी माझा हात चारचौघांत एकदाही धरला नाही. रेल्वेचे रूळ ओलांडताना सुद्धा दोन पावलं पुढे.

कात्रण होतं तसं घडी करून ठेवलं. फाडावंसं वाटलं होतं.

१९ जाने., रवि.
सासूबाईंना कुणीतरी भिंतीचं सांगितलं. मी भाकरी थापत असताना मागे येऊन उभ्या राहिल्या.
"भास्करना फोटो लागी, मंग मना आंडोरना कव्हय लागी?"
माझ्या लेकाचा कधी, हे माझ्या मनातलंच बोलल्या. मी म्हटलं, मग नाही सांगू का आप्पांना? पिठाचा डबा लावता लावता म्हणाल्या, "तो ते हां म्हनता. तुले माहीत शे."

तो तर हो म्हणाला असता, असं आई असून बोलतात.

२० जाने.
हे आजवर इथेही लिहिलं नव्हतं.

दवाखान्यातली शेवटची दुपार. सासूबाई डबा आणायला घरी गेल्या होत्या. काविळीने डोळे पिवळे झालेले, माणूस ओळखू येतो की नाही तेही कळत नव्हतं. माझा हात धरला. तळव्याला तळवा, अंगठा वरून. ही पकड मी बाहेरून हजारदा पाहिली होती. आतून कशी लागते ते त्या दिवशी कळलं. मला वाटलं, शेवटी का होईना.

मग हात दाबला. म्हणाले, "भास्कर, जा." आणि सोडला.

त्यानंतर बोलले नाहीत. संध्याकाळी संपलं.

लोक विचारत होते, शेवटी काय म्हणाले. काही नाही, सांगितलं.

२३ जाने.
मधल्या सुट्टीत आप्पा माझ्या शाळेत आले, फोटो दाखवायला. भा. हवेत आडवा, दोन्ही हात चढाईवाल्याच्या घोट्यावर, तोंडात माती. चांगला फोटो आहे, नाही म्हणता येत नाही. कडेला एक हात आलाय, मनगटापर्यंत. पंजा उघडा, नुकताच सुटलेला. मनगटावर काळा दोरा. तो दोरा मीच बांधला होता.

आप्पांच्या लक्षात आलं नाही. म्हणाले, स्टुडिओवाला तो कडेचा हात कापून देणार आहे, फोटो स्वच्छ दिसेल.

मी चांगलं आहे म्हटलं. चांगलं आहे, असं का म्हटलं?

पुढच्या तासाला तेराचा पाढा सांगताना दोनदा चुकले. तिसरीची मुलं हसली. हसू दिलं.

२६ जाने., रवि.
सकाळी शाळेत झेंडावंदन. दुपारी भा. आला, बडोद्याहून, एकटाच. तेराव्याला आला होता तेव्हा गर्दीत नीट पाहिलं नव्हतं. पोट सुटलंय. गुडघ्यावर हात ठेवून उठतो. सुनीताशी गुजरातीत बोलायला लागला. तीही भडाभडा बोलली, शाळा, पतंग, सगळं. हे गेल्यापासून अडीच महिन्यांत माझ्याशी एवढं बोलली नाही. "काका, तमे पप्पा साथे रमता हता ने?" तो म्हणाला, हो, पप्पांसोबत खेळायचो, आणि तिच्या डोक्यावर थापटलं. मी तिला दूध आणायला पाठवलं.

भिंतीचा विषय त्याने काढलाच नाही. मला वाटलं होतं, त्यासाठीच आलाय. चहा झाला, स्वतःचा कप स्वतः विसळला. मग दाराशी उभा राहून विचारलं, "वहिनी, दादा शेवटी काही बोलला का? माझ्याबद्दल?"
"नाही," म्हटलं.
सरळ त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं.

"बरं," म्हणाला. पण गेला नाही. चपला घालता घालता सांगितलं ते असं. कंपनीचा माणूस त्या वेळी यांचा आणि त्याचा, दोघांचाही खेळ बघून गेला होता, नोकरी द्यायला. जागा एकच होती. यांनी त्याला मैदानावर नेलं, खेळताना दाबायचे तसा हात दाबला आणि म्हणाले, जा.
"मी थांबलो असतो, वहिनी."
मी विचारलं, मग हे मंडळात कधी सांगितलं का नाही? बारा वर्षं लोक पळपुटा म्हणतात.
"दादा म्हणाला, फायनल हरलो तर सगळे माझ्या अंगावर येतील. तुला कुठे इथे राहायचंय, तू खा शिव्या." हसला. "खाल्ल्या."

गेल्यावर मी दारातच उभी. तो कोपऱ्यावर रिक्षासाठी थांबला होता. उभा राहतो तेव्हा अजून डावा हात किंचित बाजूला, पंजा उघडा. त्याला स्वतःला ते माहीत नसावं.

२७ जाने.
जागा एकच होती.

सुनीता तेव्हा पोटात होती. बडोद्याला कंपनीचं क्वार्टर मिळणार होतं, दोन खोल्या, नळ आत. यांनी जन्मभर सांचे, कापडाचे माग, चालवले. त्या खडखडाटाने शेवटी शेवटी उजव्या कानाला ऐकू येत नव्हतं. मी सांगितलेलं निम्मं जायचंच नाही आत. आणि त्याला मैदानावर नेऊन, हात धरून, जा.

मला विचारलं नाही. बारा वर्षांत सांगितलं पण नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तुम्ही जा. म्हणूनच विचारलं नसेल.

एका मेलेल्या माणसावर आणि एका जिवंत माणसावर एकाच वेळी एवढं चिडता येतं, हे माहीत नव्हतं.

२८ जाने.
दवाखान्यातलं 'जा' म्हणजे तेच होतं. डाव नव्हता तो. नोकरीचं होतं. बारा वर्षं मनात धरून ठेवलेलं. पाठवलं ते बरोबर केलं का, असं वाटत असेल का त्यांना? की पाठवल्याचा आनंदच

सुनीता उठली. पुढे लिहिवत नाही.

३० जाने.
बाजारात गुलाब भेटला. म्हणाला, वहिनी, तुम्ही नाहीच म्हणा, त्याने आपल्या दादाला वाऱ्यावर सोडलं. दादाच्या बाजूने बोलणारा तोच एक. त्याला सांगता आलं असतं तिथल्या तिथे. वांगी घेतली आणि घरी आले.

नाही म्हटलं तर कुणाला वावगं वाटणार नाही. फोटो लागणार नाही. गुलाब खूश. भा. परत शिव्या खाईल, त्याला सवय आहे. आणि यांचा होकार माझ्यापाशीच राहील. माझ्यापाशी राहिलेलं त्यांचं एवढं तरी.

१ फेब्रु.
सासूबाई काही विचारत नाहीत. त्यांचं न विचारणं घरभर.

२ फेब्रु., रवि.
बैठकीला गेले. बायकांमध्ये मी एकटीच. हॉलला अजून चुन्याचा वास. भिंतीवर एकच खिळा ठोकून ठेवलेला.

उभी राहिले. जागा एकच होती ते सांगितलं. भास्करला यांनीच पाठवलं, आणि गप्प राहायला यांनीच सांगितलं, तेही. गुलाबने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "दादाने आम्हाला सुद्धा सांगितलं नाही?" त्याचा चेहरा बघून वाटलं, या खोलीत मी एकटी नाही.

आप्पांनी विचारलं, "म्हणजे बाई, हो समजायचं?"
मी म्हटलं, "यांचं हो आहे. माझं कुणी विचारलं नाही."
आप्पा खाली बघून हसले. मग गंभीर झाले. बरोबर आहे म्हणाले.

निघताना फोटो मागून घेतला आणि कडेचा हात दाखवला. हा कापायचा नाही म्हटलं, कुणाचा आहे ते काळ्या दोऱ्यावरून ओळखा. आप्पांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला आणि तसेच बघत राहिले. गुलाबने त्यांच्या हातून घेतला. मी थांबले नाही.

५ फेब्रु.
बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. भिंतीवर तो अख्खा, हे मनगटापर्यंत. तेही मी भांडून मिळवलेलं.

आप्पांचा निरोप : रविवारी फोटो लागणार, भा. बडोद्याहून येणार, घरातल्या सगळ्यांनी यावं. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकलंय. सुनीता विचारत होती, फोटोतल्या पप्पांच्या हाताला हार घालता येईल का. मी म्हटलं, बघू.

बैठकीत सगळं सांगितलं, दवाखान्यातलं सोडून. ते भा.चं आहे. त्याने मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं. रविवारी परत विचारलं तर सांगेन, असं ठरवलं होतं.

पण तो विचारणार नाही. नऊ वर्षं पाहिलंय त्याला. समोरचा पाय कितीही पुढे येऊ दे, आपणहून कधी गेला नाही. हात दाबेपर्यंत थांबायचा.