बाळाच्या नावाची खीर

प्रिय ताई,

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायचा दिवस, आणि तुझ्या नावाची सवाष्ण म्हणून तुझ्या सासूबाईंनी मलाच बोलावलं. कळंबला जाऊन, पोटभर जेवून, ओटी घेऊन आत्ताच साजगावला घरी आलेय. पोटात जेवण तसंच बसलंय आणि त्याच्यावर राग. म्हणून लिहितेय.

तुझं पान काय वाढलं होतं गं! पुरणपोळी, वडे, कढी, अळूवडी, दोन भाज्या, भाताची मूद. ऑपरेशननंतर तुझं पोट एवढंसं राहिलं होतं की अर्धी वाटी मऊ भात खाऊन तू हात धुवायचीस. तेव्हा याच बाई शेजारणीला सांगायच्या, आमच्या जेवणाला नाक मुरडते. आता पानात जागा उरू दिली नाही. मेलेल्या सुनेचं पोट मोठं असतं वाटतं.

पानाशेजारी खिरीची छोटी वाटी होती. ही कुणाची, मी विचारलं.

"बाळाची," सासूबाई म्हणाल्या. "दोन जिवांची गेली ना ती."

ताई, तू दोन जिवांची नव्हतीस. हे मला माहीत आहे, भावोजींना माहीत आहे, आणि सगळ्यांच्या आधी तुला माहीत होतं.

पनवेलला वजन उतरवायला पोट लहान करायचं ऑपरेशन झालं तेव्हा किती खूश होतीस, आठवतं? त्याआधी पाळी चार-चार महिने यायची नाही, हनुवटीवर केस, कूस रिकामी म्हणून बारशाला कुणी बोलावत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन उतरलं की हार्मोन ताळ्यावर येतील. आलेही! पाळी लागोपाठ वेळेवर आली म्हणून तू मला फोन करून चक्क रडलीस. पाळी आली म्हणून आनंदाने रडणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

पण त्याच डॉक्टरीणबाईंनी आणखीही सांगितलं होतं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. दीड वर्ष मूल नको, तुमच्याच अंगात काही नसेल तर बाळ काय खाणार? आणि उलट्या थांबेनात तर लगेच या. मी तुझ्या शेजारीच बसले होते, तू मान डोलावत होतीस. नुसतीच डोलावत होतीस का गं? केस मुठीमुठीने गळत होते, तरी गोळी घेतलीस का विचारलं की म्हणायचीस, घेते की.

मग उलट्या सुरू झाल्या आणि आलेली पाळी पुन्हा गेली. उपाशी अंगाची पाळी अशीही थांबते, हे आम्हाला नंतर कळलं. त्या घरात डॉक्टरला विचारतंय कोण? दिवस गेले म्हणून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पोटुशीने असल्या गरम गोळ्या घ्यायच्या नसतात म्हणून तुझ्या गोळ्या कपाटावर गेल्या. तिसरा महिना सरेपर्यंत बोलायचं नाही, नजर लागते, म्हणून माहेरीही कळवलं नाही. मी फोन केला की तू म्हणायचीस, बरी आहे. कैरीचं लोणचं पुढ्यात घेऊन ओकत होतीस आणि मला सांगत होतीस, बरी आहे!

तुला पनवेलला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तुझे डोळे एका जागी ठरत नव्हते, उभी केली की तोल जात होता, मला तू आई म्हणून हाक मारलीस. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, भावोजींना आणि मला समोर बसवलं. गर्भ नव्हताच, म्हणाले. इतके दिवस उलट्या आणि गोळ्या बंद, त्यामुळे एक जीवनसत्त्व अंगातून पार संपलं आणि मेंदूला इजा झाली.

संध्याकाळी तू जरा भानावर आलीस. मी कानाशी वाकून विचारलं, तुला ठाऊक होतं?

"दोनदा बगितलं गं कीटवर. एकच रेघ आली," तू म्हणालीस. "पर सासू मला इचारायची, काय खावंसं वाटतं. त्या घरात पयल्यांदाच कुणी इचारलं. तिला नको सांगू."

त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस. काय खावंसं वाटतं, एवढं ऐकायला तू जीव दिलास? मला सांगायचंस, मी रोज फोन करून विचारलं असतं!

भावोजींनी घरी तोंडच उघडलं नाही. दोन जिवांची गेली म्हटलं की गाव हळहळतं, गोळ्यांचं कुणी विचारत नाही. सोयीचं आहे. तुझा शब्द म्हणून मीही गप्प राहिले.

आज हात धुताना सासूबाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. भावोजींसाठी शेलूची मुलगी आहे, पितृपक्ष सरला की रविवारी बघायला जायचंय. अंगाने तुझ्यासारखीच भरलेली, पाळीचीही तक्रार तीच. सासूबाईंना त्याचं काही नाही. त्यांच्याकडे आता उपाय आहे ना!

"लग्न झालं का आपरेशन करू," मला म्हणाल्या. "आमच्या पयलीला त्यानंच दिवस गेलं व्हतं. तू बी चल शेलूला. तुज्या तोंडानं सांग, म्हंजे त्यांचा इस्वास बसल."

मी येते म्हटलं. मग त्यांनी ती वाटी माझ्या हातात दिली, बाळाचं टाकू नये म्हणून. मी खाल्ली, ताई. चांगली झाली होती.

आता ऐक. रविवारी मी शेलूला जाणार. पोहे होतील, सासूबाई मला खूण करतील, आणि मी त्या मुलीकडे बघून सांगेन की माझ्या बहिणीच्या पोटात बाळ नव्हतं, कधीच नव्हतं. ऑपरेशन करायचं तर खुशाल कर, पण गोळी सोडू नकोस, आणि उलट्यांना डोहाळे म्हणणाऱ्या घरात राहू नकोस. ताई, त्या घरात तुझं म्हणून एवढं एकच उरलंय, त्या वाटीतलं बाळ. ते मी काढून घेणार आहे. तू नको म्हणाली होतीस. रागव, रड, काय हवं ते कर.

पुढच्या नवमीला मला कळंबला कुणी बोलावणार नाही. तुझं पान मी माझ्या घरी वाढीन. अर्धी वाटी मऊ भात, तुला झेपायचा तेवढाच. शेजारी दुसरी वाटी नसेल.

तुझी,
मनू