मागच्या दाराचं कुलूप

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, पिल्लांना गालगुच्चे.

मी मजेत आहे. आमचं हे शंभर वर्षांचं हॉटेल हिवाळी सुट्टीसाठी नवरीसारखं नटलंय. रोज मेजवानी असते. पुढच्या रविवारी तर तीनशे पानं उठायची आहेत. केकचं सगळं माझ्याकडे आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

स्वयंपाकघरात चार दिवस गॅसचा वास येतोय. त्यात खाणं चोरीला जातं म्हणून मॅनेजरसाहेबांनी मागच्या दाराला कुलूप घातलंय. मोठे आचारी सांगायला गेले, तर साहेब म्हणाले, "सुट्ट्या संपू द्या, मग बघू."

काल दुपारी भट्टी पेटवताना भडका उडाला आणि आचाऱ्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. मला काही झालं नाही, भुवया तेवढ्या गेल्या. मी तडक बत्ता उचलला आणि ते कुलूप फोडलं. साहेब आले आणि तुटकं कुलूप उचलून घेऊन गेले. आज सकाळी बघते तर दाराला दुप्पट मोठं कुलूप!

आचारी घरी गेलेत. आता भट्टी मीच पेटवते.

रविवारी मुलांना मेजवानी दाखवायला आणणार होतीस ना? नको आणूस गं. इथे थंडी फार आहे.

सगळ्यांना जप.

तुझीच,
धाकटी