बाबांच्या सहीच्या नऊ डब्या

रिठद, १४ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. मी वावरात होतो, रेंज नव्हती, असं आईनं तुला सांगितलं असेल. तसं सांगायला मीच तिला लावलं होतं. फोनवर तुझा आवाज आला की मी नुसता 'हो ताई, हो ताई' करत राहतो आणि सांगायचं ते पोटातच राहतं, म्हणून लिहायला बसलो. इथलं ठीक आहे. वांगी संपत आली, मेथी दर दोन दिवसांनी रिसोडला जाते. आईचा गुडघा तसाच. तुझ्या सायलीला नर्सिंगला जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा त्याच गुडघ्यानं ती शेजारच्या चार घरी साखर वाटून आली.

बाबांना जाऊन परवा आठ महिने होतील. त्यांचा पलंग अजून खिडकीपाशीच आहे. आई तो हलवू देत नाही.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अकोल्याचा सतीश पहिल्यांदा आपल्याकडे आला, तेव्हा तू इथं नव्हतीस. चांदीची स्मारक नाणी पारदर्शक डबीत पक्की बंद करून, आत लेबल घालून विकायचा त्याचा धंदा. बाबांनी चौतीस वर्षं टांकसाळीत ठसे कोरले, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. गावात तर ते कोणाला खरंही वाटत नसे. नाण्यावर देशाचं नाव असतं, साल असतं. ज्याच्या हातानं पोलादात ती नक्षी उतरली त्याचं नाव कुठं असतं? सतीश म्हणाला, आपण वेगळं लेबल काढू, त्यावर ठसा कोरणाऱ्याची सही. बाबा हसले. म्हणाले, "नोटेवर सही लागते, कारण तो कागद हाय. चांदीले कायले सही पाह्यजे?" सतीश म्हणाला, "काका, तुमची चांदी लोकाइच्या घरोघरी हाय. तुमी कोणाच्या घरात हाय?" बाबांनी मला चष्मा मागितला.

ताई, त्या दोन महिन्यांत मी बाबांना जेवढं खूश बघितलं तेवढं कधीच नाही. नाणी कागदात गुंडाळून सुटी यायची, सोबत कोरी लेबलं. बाबा अंघोळ करून, धोतर बदलून बसायचे. एकेक नाणं भिंगाखाली धरायचे, मोराच्या पिसाची कड, एखाद्या अक्षराचा काना बघायचे, कुठं हात चुकला होता आणि मोठ्या साहेबाला कसा दिसला नाही ते मला सांगायचे. मगच सही. एका खेपेत त्यांनी न कोरलेली चाळीस नाणी आली होती. "हा माहा नाई," म्हणत त्यांनी एकेक बाजूला सारली. त्यांच्यासाठी नाणं म्हणजे ठसाच. सतीशनं हात जोडले, घेणाऱ्याला काय कळतं म्हणाला. बाबांनी चाळीसच्या चाळीस परत केली.

एकदा सतीशनं दिलेली बंद डबी घेऊन मी रिसोडच्या सराफाकडे गेलो होतो, नुसतं विचारायला. तो म्हणाला, डबी फोडून आणा, वजन करू, कागदाचे पैसे आमच्याकडे मिळत नाहीत. अकोल्यात तेच नाणं साध्या लेबलाचं एका भावानं आणि बाबांच्या सहीचं दुपटीनं जात होतं. घरी येऊन बाबांना विचारलं, यातलं खरं कोणतं? ते म्हणाले, "दोघंबी खरंच बोलून राह्यले. एक चांदी इकत घेते, एक माणूस."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि अर्धी जीभ गेली. तू आलीस, पंधरा दिवस राहिलीस, त्यांना भरवलंस, ते सगळं तुला माहीत आहे. तू गेल्यावर चार दिवसांनी सतीश आला, हे मात्र तुला माहीत नाही. लेबलं छापून झाली होती, लोकांनी नाणी आधीच नोंदवली होती. त्यानं बाबांकडे एकदा बघितलं आणि मला अंगणात बोलावलं. "तुले येते का रे त्याइची सही?" एवढंच विचारलं. मला नाही म्हणता आलं असतं.

ती सही मला कधीपासून येते हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? बाबा मुंबईत, आईला लिहिता येत नाही, आणि माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक. तूच पाटीवर शिकवलं होतंस, 'द'चं पोट मोठं, दोन मात्रा एकमेकींना चिकटलेल्या, शेवटी खाली रेघ. दहावीपर्यंत मीच दौलतराव होतो. आपण दोघं त्यावर किती हसायचो.

मागच्या खोलीत बसून मी दोनशे लेबलांवर सही केली. आईनं दारातून विचारलं, "त्याइची सही तू काहून करून राह्यला?" मी म्हणालो, बाबांनीच सांगितलं. तिनं चहा आणून ठेवला. पुढच्या महिन्यात लेबलं पुन्हा आली. अशा सात खेपा झाल्या, ताई. औषधाला पैसा लागत होता हे खरं आहे, पण तेवढंच नव्हतं. मी तीस वर्षं भाजी विकली, माझ्या हातानं केलेल्या कशालाच कोणी दुप्पट भाव दिला नव्हता. शेवटच्या दोन खेपांतली नाणी बाबांची नव्हतीच. परत केलेल्या चाळिसांसारखीच होती. मी ती ओळखली, तरीही केली.

सतीश प्रत्येक खेपेतून एक डबी बाबांसाठी आणून द्यायचा. एप्रिलच्या सुरुवातीला शेवटची आली ती मी पलंगाजवळच्या फळीवर ठेवली, बाबा झोपलेत असं समजून. ते झोपले नव्हते. डाव्या हातानं त्यांनी ती ओढली आणि मला भिंगासाठी खूण केली. मी भिंग धरलं. आधी नाणं बघितलं, खूप वेळ. मग लेबल. मग मला बघितलं. आणि त्या अर्ध्या जिभेनं म्हणाले, "हा... माहा... नाई."

मी स्वतःला सांगितलं की ते ठशाबद्दल म्हणाले. सहीबद्दल असतं तर 'ही माही नाई' म्हणाले असते. ठसाच असणार. पण बोलताना ते नाण्याकडे बघत नव्हते, ताई. त्यानंतर मी चमचा पुढे केला की ते तोंड भिंतीकडे करायचे. आईच्या हातून दोन घोट घ्यायचे, माझ्या हातून पाणीसुद्धा नाही. नवव्या दिवशी गेले. शेवटी तुळशीचं पाणी मीच घातलं. ते ओठांवरून खाली आलं.

तेराव्याला सतीश आला होता आणि तुझ्यासमोर म्हणाला, सही करणारा गेला की लेबलाचा भाव चढतो. मला तेव्हाच उठून त्याला हाकलायला हवं होतं. तू म्हणालीस, मला वावर नको, विहीर नको, बाबांच्या सहीच्या या नऊ डब्या दे, त्यांच्या हाताचं काहीतरी माझ्याकडे असू दे. लकव्याआधीच्याच ना सगळ्या, असंही तू विचारलंस. मी हो म्हणालो. दुसऱ्या आठवड्यात रिसोडला जाऊन तू हक्कसोडपत्रावर सही केलीस. बाहेर येऊन उसाचा रस पाजलास मला. तुझा नवरा म्हणाला, असे बहीणभाऊ बघायला मिळत नाहीत. मी तो रस प्यायलो.

नंतर मी सतीशला फोन केला, ती लेबलं परत घे म्हणालो. तो हसला. "घेणारा खूश, इकणारा खूश, तुह्याच पोटात काहून दुखून राह्यलं?" आता तो माझा फोन घेत नाही. हजारावर डब्या कुठं कुठं गेल्या असतील, कोणाच्या कपाटात, कोणाच्या लेकीच्या लग्नात. त्या मला परत आणता येणार नाहीत.

तुझ्या नऊपैकी दोन खऱ्या आहेत, मोराच्या आणि जहाजाच्या. त्या विकू नकोस. सातांवर माझी सही आहे. त्या सातांतली पाच नाणी मात्र बाबांनीच कोरलेली आहेत. वरचा कागद खोटा, खालचं काम त्यांचं. उरलेल्या दोन डब्यांत त्यांचं काहीच नाही.

सायलीच्या फीसाठी तू डब्या विकायला काढल्यास आणि पुण्याच्या गिऱ्हाइकानं घरातल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र मागितलं, की या सह्या दौलतरावांच्याच. तू पाठवलेला स्टॅम्पपेपर सहा दिवस माझ्यापुढे पडून आहे. सायलीसाठी एवढं एक शेवटचं खोटं करू, असं ठरवून काल मी तो उघडला. तू पेन्सिलीनं फुली केलीस तिथं माझं नाव लिहायला गेलो, आणि हातानं 'दौ' लिहिला. मोठ्या पोटाचा 'द', चिकटलेल्या दोन मात्रा. मी थांबलो तेव्हा अर्धी सही झाली होती. ताई, तो कागद आता तुझ्या कामाचा राहिला नाही. वावराचा अर्धा हिस्सा विहिरीसकट तुझ्या नावावर करायला मी वकिलाला सांगितलं आहे; तू ये किंवा येऊ नकोस, कागद होतील. आईला उद्या सांगणार आहे. तो खराब झालेला स्टॅम्पपेपर या पाकिटात घातला आहे. त्या सात डब्या काढ, आणि शेजारी धरून बघ.

तुझाच, अजून तू म्हणू देशील तर,
गजेंद्र