पेन्सिलींची भूक

३ ऑगस्ट १९८७
आज पुन्हा खाल्ली. पाटीवरची पेन्सिल! कुळगावच्या दुकानदाराला सांगितलं, भाचीसाठी हवीय. मला भाची कुठेय? एवढी घोडी झाले, अंबरनाथला एमआयडीसीत टायपिस्ट आहे, आणि मोरीत लपून पेन्सिली चघळतेय. शी! पण ती मातकट चव — जीभ ऐकतच नाही.

५ ऑगस्ट
रविवारी मुलगा बघायला येतोय म्हणून माईने माझा भात बंद केला. सकाळी काकडी, संध्याकाळी काकडी. "रणगाडाच आहे आपला," — अण्णा. वर हसले! मुलीला असं बोलतात?
जिना चढताना धाप लागते म्हटलं, तर "वजन कमी कर." अंथरुणात पाय नुसते वळवळतात, स्वस्थ ठेवताच येत नाहीत, तर "चालत जा स्टेशनला." सगळ्याला एकच औषध!

७ ऑगस्ट
माईला माझ्या पर्समध्ये पेन्सिली सापडल्या. ओरडली नाही. माझ्या पोटाकडे बघत राहिली. मग दार लावलं. "कोण आहे तो?"
मला आधी कळेचना. मग कळलं. डोहाळे! लग्नाआधी! तिच्या गळ्याची शपथ घेतली, रडले. "खोटं बोलू नकोस, पद्मे. ही भूक कशाची, मला ठाऊक आहे."

८ ऑगस्ट
उल्हासनगरला नेलं. बदलापुरात कुणी बघितलं तर! सिंधी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "बच्चा-वच्चा कुछ नहीं." मग माझी पापणी खाली ओढली, बोटातून रक्त काढलं. हिमोग्लोबिन सहा!
"एवढी जाड आहे, रक्त कसं कमी असेल?" — माई.
"मोटापा अलग, खून अलग. दिमाग को लोहा कम पड़े तो ऐसी चीज़ें माँगता है. पैर भी उसी से." काकडीवरून माईला चांगलं झापलं. बरं झालं!
परतताना रिक्षात माई बाहेरच बघत होती. माफी तर राहूच दे.

९ ऑगस्ट
मुलगा आला, गेला. कळवतो म्हणाले. नाही कळवलं तरी चालेल.

३० ऑगस्ट
लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पाय शांत. आज मुद्दाम पेन्सिल चावून पाहिली — नुसता दगड! थुंकली. वजन आहे तेवढंच. माई अजून नजर चुकवते. राग येतो मला तिचा.

२ सप्टेंबर
माई जवळ येऊन बसली. "तुझ्यातली एक गोळी मला देशील?" पदराची गाठ सोडून दाखवली. भाजकी माती! "तुझ्या वेळेस लागली. ती सुटलीच नाही गं."